ब्रुनोची पोळी

ड्रेस्डेन, ६ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

नमस्कार. घ्यायचा असला तर घ्या, नाहीतर पाकिटातच राहू द्या. नमस्कार काही नासत नाही.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय हे मला ईप्सितानं सांगितलं. मी आपली रोज सकाळी तुम्हाला फुलांचे फोटो पाठवत होते आणि म्हणत होते, विहीणबाईंना फुलं आवडेनाशी झाली की काय. पोरीनं फोन हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी, ब्लॉकिअर्ट." तुमची नात हल्ली मराठी ऐकते आणि जर्मन बोलते. म्हटलं ठीक आहे. कागदाला ब्लॉक करता येत नाही. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेत तुम्ही, समोर आलेला कागद वाचल्याशिवाय तुमच्यानं राहवणार नाही. फक्त लाल पेन लांब ठेवा. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही ओढ्याला पाणी नसेल त्या दिवशी.

भांडायला लिहीत नाही. भांडण आपलं झालं, आणि मनापासून झालं. मी म्हणाले, तुम्ही पोराला मुका केलात. तुम्ही म्हणालात, नवरा नसलेल्या बाईनं लेकीच्या घरात बसून शहाणपण शिकवू नये. आता लेकीच्या घराशिवाय मला बसायला जागा कुठं आहे ते सांगा. तुमच्याकडे आले तर तुम्ही मला तिसऱ्या रांगेत बसवणार, लग्नात बसवलंत तसं.

लिहायचं कारण श्रीरंगराव. तुम्हाला रविवारी फोनवर दिसतात ते वेगळे. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिडकीकडे पाठ करून बसतात. खाली पायजमा असतो. तुम्ही विचारता, जेवलास का? ते म्हणतात, हो आई. तुम्ही विचारता, थंडी आहे का? ते म्हणतात, आहे. फोन ठेवला की शर्ट हँगरला, आणि मग रात्र होईपर्यंत त्या घरात माणूस आहे हे नळ सुटला तरच कळतं.

फेब्रुवारीत त्या दिवशी हॉस्पिटलात मी शेजारी उभी होते, विसरला नसाल. गालाचं हाड मोडलेलं, एक डोळा बंद. माझ्या ऊर्मिलाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "मारलं. परत जा म्हणत होता." ऊर्मिलानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही आधी विचारलंत, पोलीस आलेत का. नाही म्हटल्यावर म्हणालात, "सायकलवरून पडला म्हणा. कायमच्या राहण्याचे कागद व्हायचेत, पोलिसात नाव गेलं की अडतं सगळं." मग फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितलात आणि शपथ घातलीत. माझ्या गळ्याची शपथ आहे श्रीरंग, कुणाला काही बोलायचं नाही. त्यांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, म्हणून तुम्ही परत विचारलंत, आणि त्यांनी त्या मोडलेल्या तोंडानं "हो" म्हटलं.

तेव्हापासून ते आपल्या घराखालच्या ट्रामच्या स्टॉपवर उभे राहत नाहीत. मागच्या गल्लीनं चालत पुढच्या स्टॉपला जातात आणि तिथून फॅक्टरीत. मी मात्र ईप्सिताला शाळेत सोडायला रोज खालूनच जाते. तिथं माझी एक मैत्री झालीय. हसू नका. ब्रुनो. राखाडी कुत्रा आहे, एक कान पांढरा, जसा काही चुन्यात बुडवलाय. रात्रीची उरलेली पोळी मी पदराखाली नेते आणि त्याला घालते. त्याचा मालक उंच माणूस, बोलत नाही, "मॉर्गन" एवढं म्हणतो. मीही म्हणते. एवढं जर्मन मला येतं. वर बघितलं की खिडकीत श्रीरंगराव उभे दिसतात. मी हात हलवते, ते पडदा ओढतात. जावईबापूंना कुत्र्याचं वावडं दिसतंय.

उत्तर द्या असं म्हणत नाही. पण द्या.

तुमची विहीण,
प्रभा

ड्रेस्डेन, २३ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

उत्तर नाही. बरं. लग्नात मानाची साडी आवडली नव्हती तेव्हाही तुम्ही अशाच गप्प बसला होता. ती साडी मीच निवडली होती, मुद्दाम, हिरवी.

एक बातमी. मी आता महापालिकेच्या मीटिंगला जाते. इथं राटहाउस म्हणतात. ऊर्मिला मराठी मंडळाकडून जाते आणि मी तिच्याबरोबर, कारण घरात बसून मी फार बोलते असं तिचं म्हणणं.

झालंय असं की गावात परक्या माणसांना मारहाण, थुंकणं, दारावर काहीतरी लिहून जाणं वाढलंय. म्हणून ठरलं की पोलीस, ट्रामवाले, हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, घरं भाड्यानं देणारी कंपनी आणि आपल्यासारखी मंडळं यांनी एका टेबलाशी बसायचं आणि एकेक प्रकरण सगळ्यांनी मिळून धसास लावायचं. ते टेबल लावलंय फ्राऊ रिश्टर या बाईंनी. मार खाल्लेल्यांना मदत करणारी एक संस्था आहे, तिथं त्या असतात. ऊर्मिलाएवढ्या असतील. केस पुरुषासारखे, बूट गड्यासारखे आणि आवाज आपल्या ईप्सितासारखा. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला नवरा बघू का, आमच्याकडे इंजिनिअर पुष्कळ आहेत. ऊर्मिलानं भाषांतर करायचं नाकारलं. बाईंनी भाषांतराशिवायच हसून घेतलं.

मग एकेकानं सांगितलं. ट्रामवाले म्हणाले, आमच्याकडे काचा फुटल्याच्या नोंदी आहेत. हॉस्पिटलवाले म्हणाले, आमच्याकडे हाडं मोडल्याच्या. घरांच्या कंपनीवाले म्हणाले, शेजाऱ्यांच्या कुरबुरी. पोलीसबाई म्हणाल्या, आमच्याकडे तक्रारीच येत नाहीत. म्हणजे बघा, हात एकाकडे, पाय एकाकडे, आणि मार खाल्लेला माणूस कुणाकडेच नाही. ट्रामवाल्यानं कागद बघून आमच्या स्टॉपचं नाव वाचलं. फेब्रुवारीतली संध्याकाळ, एक काच, कारण माहीत नाही.

मला माहीत होतं कारण. ती काच तुमच्या मुलाच्या डोक्यानं फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेले तर नवी काच बसवलेली, खाली झाडून घेतलेलं, रक्ताचा ठिपका नाही. इतकी स्वच्छ की तिच्यात मीच मला दिसले. आजही दिसते. ट्रामची वाट बघताना त्या काचेत माझ्यामागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं, वळून बघावं तर कुणी नसतं.

मी तोंड उघडलं. ऊर्मिलानं टेबलाखालून मांडीला असा चिमटा घेतला की मी चिवड्याचा डबाच पुढं सरकवला.

मीटिंग सुटल्यावर फ्राऊ रिश्टर ऊर्मिलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे मिस्टर जूनमध्ये माझ्याकडे आले होते. परत आले नाहीत. बरे आहेत ना?" ऊर्मिला पांढरीफटक. तिला माहीतच नव्हतं. ते गेले होते, विहीणबाई. समोर बसले, पाणी प्याले, आणि बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्याहीबुवांचा. तुम्हाला छातीत कळ येऊन दवाखान्यात नेलं होतं तो दिवस.

ते उठले आणि निघून आले. आता त्यांच्या मनानं घेतलंय की तोंड उघडलं म्हणून तुमच्या हृदयात स्टेंट बसली. चिप बनवणारा माणूस, डोळ्याला दिसत नाही इतक्या बारीक रेघांवर ज्याचं पोट, त्याचं असं. मी हसायला गेले. हसू आलं नाही.

मार्चपर्यंत या टेबलानं एक तरी प्रकरण शेवटाला नेऊन दाखवायचंय, नाहीतर महापालिका ते गुंडाळणार. हे तुम्हाला उगीच सांगितलं.

ब्रुनोला आता स्वेटर घातलाय. माझ्याहून बरा आहे.

प्रभा

ड्रेस्डेन, १८ जानेवारी २०२६

विहीणबाई,

तिळगूळ घ्या. गोड बोला म्हणत नाही, नुसतं बोला.

आज आमच्याकडे हळदीकुंकू झालं, आणि ते माझ्या डोक्यातून निघालं, तेव्हा तुम्ही आधी खुर्चीत बसून घ्या.

फ्राऊ रिश्टर मला सारख्या विचारत, तुमची माणसं आमच्याकडे का येत नाहीत. मी म्हटलं, आमच्या बायका ऑफिसात रडत नाहीत. खुर्ची, टेबल, काचेचा ग्लास, समोर पेन घेतलेला माणूस, तिथं आम्ही म्हणतो सगळं ठीक आहे. त्यांना मांडी घालून बसवा, हातात काहीतरी द्या, मग बघा. म्हणून घरात सतरंज्या टाकल्या. पोलीसबाई साध्या कपड्यात आल्या. आम्ही सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की ही पोलीस आहे, फसवणूक नको. वाण म्हणून मी शिट्ट्या लुटल्या, फुटबॉलच्या असतात तशा, आणि शिट्टीच्या दोरीला फ्राऊ रिश्टरांच्या ऑफिसचा नंबर. स्वरूपा म्हणून एक मुलगी आहे, फॅक्टरीत श्रीरंगरावांच्याच मजल्यावर, ती म्हणाली, "काकू, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देतात हो." मी म्हटलं, डबा वाजतो का?

आणि एक गंमत. ऊर्मिला सगळ्यांना कुंकू लावत होती, मी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या जागेवर. पोलीसबाईंनी बघितलं, सगळ्या एकमेकींना लावतात. त्यांनी करंडा उचलला, सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या कपाळाला हे एवढं बोट टेकवलं. सगळ्या बायका गार. त्यांना काय ठाऊक. मीही सांगितलं नाही. रात्रीपर्यंत पुसलंही नाही. लाल पेन आता घ्या हातात.

मग बायका बोलल्या. एकीची ओढणी ट्राममध्ये ओढली होती. एकीच्या बाळगाडीत कुणी थुंकलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. एकमेकींचं ऐकून त्याच चकित होत होत्या. पोलीसबाई काही लिहून घेत नव्हत्या, तिळाची वडी हातात धरून नुसत्या बसल्या होत्या, आणि वडी वितळत होती.

ऊर्मिलाची पाळी आली. तिनं तेच म्हटलं. आमच्याकडे काही नाही, मागच्या वर्षी श्रीरंग सायकलवरून पडला होता तेवढंच.

ईप्सिता खाऊच्या ताटलीशी बसलेली. मान वर न करता म्हणाली, जर्मनमध्ये, "बाबांकडे सायकल कधी नव्हतीच."

विहीणबाई, पोलीसबाईंनी हातातली वडी ताटलीत परत ठेवली.

तुम्हाला हे माहीत नसेल. इथं चौथीच्या पोरांची शाळेत सायकलची परीक्षा असते. पोलीस येऊन घेतात. आपली ईप्सिता सायकलला हात लावत नाही. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली, सायकलनं माझ्या बाबांचं तोंड मोडलं. आता ती एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळतेय, बाबांना सायकलनं मोडलं, आणि बाबांकडे सायकल नव्हती. पोरगी स्वप्नात ओरडते. सकाळी विचारलं तर म्हणते, काचेमागून एक सायकल आली, तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

तुमची ती सायकल आमच्या घरात राहते, विहीणबाई. तिला जागा लागत नाही, पण रोज कुणीतरी तिला अडखळतं.

बायका गेल्यावर पोलीसबाई ऊर्मिलाला म्हणाल्या, "मी ऐकलंय. पण तुमच्या मिस्टरांनी सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं पाऊल टाकता येत नाही. अडचण काय आहे?" ऊर्मिलानं शपथेचं सांगितलं. "आल्झो," म्हणजे तर मग, असं म्हणून पोलीसबाई विचारात पडल्या. मग अगदी मनापासून विचारलं, "ती शपथ मागं घेता येते का? लेखी चालेल का? टपालानं?"

मी म्हटलं, येते. जिनं घातली तिनं तोंडानं "सुटली" म्हटलं की सुटते. माझ्या लहानपणी आम्ही दिवसाला दहा घालायचो आणि दहा सोडायचो.

आता पोलीस, ट्राम, हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटी असे सगळे पुण्यातल्या एका बाईच्या तोंडाकडे बघत बसलेत. एवढा मान तुम्हाला लग्नातही मिळाला नव्हता.

प्रभा

ड्रेस्डेन, १५ फेब्रुवारी २०२६

विहीणबाई,

आज चेष्टा नाही. प्रयत्न करते.

उत्कर्ष म्हणून नांदेडचा मुलगा आहे, इथं शिकतो. रविवारी कधीकधी आमच्याकडे वरणभात खायला येतो. गेल्या रविवारी आमच्याकडूनच जेवून निघाला, खाली स्टॉपवर उभा राहिला, आणि कुणीतरी मागून येऊन त्याचं डोकं काचेवर आपटलं. त्याच काचेवर. शिट्टी खिशात होती. हात खिशापर्यंत पोचला नाही. डाव्या कानानं आता ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही येणार.

त्यानं तक्रार केली. धीट पोरगा. पण त्यानं माणूस बघितला नाही, आवाज तेवढा ऐकला. परत जा. कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे. टेबल बसलं, सगळे बोलले, सगळे चांगलं बोलले. ट्रामवाल्यानं तारखा लावून दाखवलं की तिथं आधीही काच फुटलीय. पोलीसबाई म्हणाल्या, आधीचा माणूस सापडला, त्यानं मारणाऱ्याला बघितलं असलं, तर दोन्ही प्रकरणं जोडता येतील. नाहीतर हे अनोळखी इसम म्हणून बंद होईल. असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या कपाळाकडे बघत होत्या.

काल उत्कर्ष आला होता. श्रीरंगरावांनी ताट वाढलं, आणि तो सांगत होता ते उभ्यानं ऐकलं. पोरगा उजवा कान पुढं करून बोलत होता. मग म्हणाला, "दादा, तुम्ही सायकलवरून पडला होता ना? तुमचाही डावाच गाल." श्रीरंगराव मोरीशी गेले आणि धुतलेलं ताट परत धुवायला लागले. किती वेळ. मी जाऊन नळ बंद केला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रभाआई, तुम्ही सकाळी खालच्या स्टॉपवर जाऊ नका. ईप्सितालाही नेऊ नका." मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, "थंडी आहे."

थंडी तर ऑक्टोबरपासून आहे.

उत्कर्ष आता परत जायचं म्हणतोय. आईला काय सांगणार विचारलं तर म्हणाला, सायकलवरून पडलो म्हणेन, काकू. बघा, तुमची सायकल नांदेडला निघाली.

आता धमकी देते. शपथ मलाही घालता येते. मी म्हणू शकते, श्रीरंगराव, माझ्या गळ्याची शपथ, उद्या जाऊन सगळं सांगितलंच पाहिजे. मग एका बाजूला तुमचा गळा, एका बाजूला माझा. कुणाचा जास्त लाडका ते कळेल. काल ओठांवर आलं होतं. मग त्यांचे ते भिजून पांढरे झालेले हात बघितले आणि गिळलं. त्यांच्यावर आधीच एक बाई बसलीय, दुसरी कशाला.

शपथ तुम्ही काळजीपोटीच घातलीत, मला माहीत आहे. माझं पोर असतं आणि मी तिकडे असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण त्या दिवशी तुम्ही एक विचारलं नाही. पोलीस आले का विचारलंत, कागदांचं विचारलंत, शेजाऱ्यांनी बघितलं का विचारलंत. त्यांना किती लागलं ते विचारलं नाही. आणि आजपर्यंत नाही.

तेवढंच विचारा. शपथेचं राहू दे बाजूला.

प्रभा

ड्रेस्डेन, १५ मार्च २०२६

विहीणबाई,

तुमचा फोन आजच झाला, तरी लिहितेय. कारण फोनवर तुम्हाला फक्त मान आणि तोंड दिसतं. बाकीचं इकडून सांगते.

नेहमीसारखे शर्ट घालून बसले होते. तुम्ही "जेवलास का" विचारलंत, ते "हो आई" म्हणाले. थंडीचं विचारलंच नाहीत. मला वाटलं रेंज गेली. आणि मग तुम्ही म्हणालात, "कुठं लागलं होतं रे? दाखव."

तुम्हाला दिसलं ते असं की ते फोनकडे बघत राहिले. मला काय दिसलं सांगते. त्यांच्या उजव्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी जमिनीवर ठेवला. टेबलावर नाही, जमिनीवर, अगदी सावकाश, जसं काही झोपलेलं लेकरू ठेवतोय. मग फोन गालाजवळ नेला. तिथं आत हाडाला धातूची पट्टी आहे, हिवाळ्यात ती दुखते, म्हणून ते त्या बाजूनं झोपत नाहीत. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं. तुम्ही तिकडून पडद्यावर बोट लावलंत ना? इकडे आमच्या फोनवर तुमचं बोटच दिसत होतं, एवढं मोठं, सगळं काळं. कुणालाच काही दिसत नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, "सुटली रे. सुटली माझी शपथ." आणि लगेच, "आणि मला काही होत नाही, गोळ्या चालू आहेत." मास्तरीणबाई त्या मास्तरीणबाई.

फोन ठेवल्यावर ते अर्धा तास उठले नाहीत. ईप्सिता जवळ जाऊन बसली. त्यांनी तिला मराठीत सांगितलं, "मी सायकलवरून पडलो नव्हतो, पिल्लू. एका माणसानं मला मारलं." ती म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे, हेच तर. पोरीला किती दिवस माहीत होतं कोण जाणे.

उद्या ते फ्राऊ रिश्टरांबरोबर पोलिसात जातील. तुमचे आभार मानत नाही. विहिणीचे मानायचे नसतात, चढतात त्या. पण आज तुमच्या नावानं शिरा केला.

प्रभा

ड्रेस्डेन, १२ एप्रिल २०२६

विहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं. माझ्या पाच पत्रांतल्या चुका काढून पाठवल्यात, लाल पेननं. आनंद झाला. शेवटच्या पानावर खाली जे बारीक अक्षरात लिहिलंय, तेही वाचलं. ते ऊर्मिलाला दाखवलं नाही. आपल्या दोघींत राहील.

आता मुद्द्याचं. हे तुम्हाला फोनवर सांगता येईना, म्हणून उशीर.

त्या सोमवारी पोलिसात मी आणि ऊर्मिला बाहेर बसलो होतो. टेबलानं एक नियम केलाय, मार खाल्लेल्याला विचारताना घरच्यांना बाहेर बसवायचं. हॉस्पिटलातही आता तसंच करणार. म्हणजे हा नियम माझ्या आणि तुमच्यासारख्यांसाठी केलाय. ते बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं, जसं पाटी पुसल्यावर असतं. फ्राऊ रिश्टर मागं उभ्या. श्रीरंगराव माझ्यासमोर आले आणि खाली उकिडवे बसले, लहान पोराशी बोलतात तसे.

म्हणाले, "प्रभाआई, त्याच्याबरोबर कुत्रा होता. राखाडी. एक कान पांढरा."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ब्रुनो? आमचा?

ते म्हणाले, "हो."

विहीणबाई, वर्षभर मी त्या माणसाला मॉर्गन म्हणत होते. त्याच्या कुत्र्याला माझ्या हातची पोळी घालत होते, तुमच्या नातीला शेजारी उभी करून. तिनं त्या पांढऱ्या कानाला हात लावलाय. आणि हे वरून खिडकीतून बघायचे. रोज. मी हात हलवायची. त्यांना ओरडता येत नव्हतं, कारण ओरडले असते तर तुमचं हृदय थांबलं असतं. ते पडदा ओढत होते ना, त्यानंतर आम्ही ट्राममध्ये चढेपर्यंत पडद्यामागं उभे राहायचे, हातात फोन, पोलिसांचा नंबर लावलेला. नुसतं बटण दाबायचं बाकी. हे त्यांनी मला नाही, ऊर्मिलाला सांगितलं.

मी त्यांना विचारलं, अहो, मला नुसतं म्हणायचं होतंत ना, तिथं जाऊ नका. ते म्हणाले, "म्हणालो होतो. थंडी आहे म्हणालो होतो."

मी पोलीसबाईंना सांगितलं, कुत्रा कुठल्या दारातून येतो, माणूस कोणती ट्राम धरतो, कोणत्या हातात दोरी. श्रीरंगरावांनी चेहरा ओळखला. उत्कर्षनं आवाज ओळखला, एका कानानं. युनिव्हर्सिटीनं त्याच्या राहण्याचं आणि परीक्षेचं बघितलं, तो थांबलाय. खटला उभा राहील. तोवर त्या माणसानं आमच्या भागात फिरकायचं नाही असं त्याला बजावलंय. टेबल राहिलं. महापालिकेनं त्याला खोली दिलीय, खिडकीसकट. कागदांचंही सांगते, तुम्ही विचाराल. काही अडलं नाही. मार खाल्ला म्हणून कुणाचे कागद अडत नाहीत, असं पोलीसबाईंनी सांगितलं, आणि हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

श्रीरंगरावांनी जुनी सायकल आणलीय. ईप्सिता अजून बसत नाही, धरून चालवते. ते मागं कॅरिअर धरून चालतात. परीक्षेला बसेल की नाही माहीत नाही. रात्री ओरडणं थांबलंय.

माझं थांबलं नाही. काचेत अजून कुणीतरी मागं उभं असतं. आता मला माहीत आहे कोण, एवढाच फरक.

आणि या आठवड्यापासून नवीनच. ब्रुनो परत येतो. त्याची दोरी आता एका म्हातारीच्या हातात असते. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, डोक्याला रुमाल. नाक त्या माणसासारखं. आई असणार. तिला माहीत नाही मी कोण. शुक्रवारी ब्रुनोनं तिला ओढत माझ्यापर्यंत आणलं आणि पदरात तोंड खुपसलं. ती ओशाळली, काहीतरी म्हणाली. ईप्सितानं सांगितलं, ती म्हणतेय, माफ करा, हा असा कधी कुणाकडे जात नाही. आणि मग हसली. दात नाहीत पुढचे.

ती घरी जाऊन पोराला काय म्हणत असेल, विहीणबाई? जेवलास का. थंडी आहे का. त्यानं हातानं काय केलं ते तिनं विचारलं असेल का? की तिनंही कसली तरी शपथ घातलीय?

पोळी माझ्या पदराखाली होती. मी ती दाबून धरली. ट्राम आली, मी चढले. पोळी हातातच राहिली, घामानं मऊ झालेली, आणि काचेतून बघितलं तर कुत्रा अजून माझ्याकडे बघत होता, आणि ती बाई कुत्र्याकडे.

आज रविवार आहे. श्रीरंगराव म्हणाले, उद्या मी तुमच्याबरोबर खाली येतो. शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.

पोळ्या मी रात्रीच करून ठेवते, तुम्हाला माहीत आहे. आज एक जास्त झाली. मोजून केली नव्हती, हातानं आपोआप केली.

तुमचीच,
प्रभा